बंब, टोप आणि मोड

लहानपणी माझा असा ठाम समज होता की, आगीचा बंब म्हणजे आमच्या मोरीतल्या बंबाचा थोरला भाऊ. मोरीतला बंब तांब्याचा, तांबट लेनमध्ये ठोकून घेतलेला. सकाळी उठून त्यात करवंट्या नि नारळाच्या शेंड्या कोंबायच्या आणि डोळ्यांतून पाणी आले की बंब पेटला असे समजायचे, हे घरातले माझे खाते. त्यामुळे रस्त्याने घंटा वाजवत लाल बंब धावू लागला की मला वाटे, कुणाकडे तरी पाहुणे फार आलेले दिसतात; आंघोळीचे पाणी कमी पडले म्हणून महापालिका मोठा बंब घेऊन निघाली आहे. एका बंबात आग पोटात असते आणि पाणी भोवती, दुसऱ्यात पाणी पोटात असते आणि आग भोवती, हा फरक मला सहाव्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाकडाची वखार पेटली तेव्हा कळला. त्या दिवशी मी बंबवाला व्हायचे ठरवले. पुढे बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो.

बँकेत माझा आगीशी संबंध इतकाच, की माझ्या खुर्चीमागे एक लाल नळकांडे टांगलेले आहे. नऊ वर्षे मी त्याच्या मुठीला छत्री अडकवत आलो. त्याचा उपयोग याहून वेगळा असेल अशी शंका मला आली नव्हती. पण यंदा एप्रिलमध्ये वरून सर्क्युलर आले की, प्रत्येक शाखेने अग्निशमन सप्ताह पाळावा आणि एक 'फायर मार्शल' नेमावा. नेमणुकीची सभा भरली तेव्हा मी चहाला गेलो होतो. परत आलो तो मार्शल होऊनच. शिपाईमामांनी छत्री काढून माझ्या हातात दिली आणि चक्क सलाम ठोकला.

"तुम्ही मासिकांत काहीबाही लिहिता ना?" मॅनेजरसाहेब म्हणाले, "मग अग्निशमनाच्या इतिहासावर दहा मिनिटं बोला. त्यातही आपल्या नाशिकच्या इतिहासावर बोला. चौदाला आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे, म्हणजे पंधरा तारखेला ठेवू."

मी म्हटले, "पंधराला मी किरकोळ रजा टाकणार होतो." ते म्हणाले, "आता नाही टाकणार." किरकोळ रजा हा मी माझा जन्मसिद्ध हक्क मानतो, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे त्याचे काम आहे.

अभ्यासाला बसलो. मुंबईचा इतिहास सापडला, लंडनचा तर ढिगाने सापडला. लंडनमध्ये १६६६ साली एका पाववाल्याच्या भट्टीतून आग निघाली आणि चार दिवसांत जुने शहर बेचिराख झाले. त्यातून आगीच्या विम्याचा धंदा निघाला. विमा कंपन्या स्वतःचे आग विझवणारे लोक ठेवीत आणि विमा उतरवलेल्या घरांवर आपल्या नावाचा धातूचा पत्रा ठोकीत. कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला हे वाचून बरे वाटले. माणुसकी जागी व्हायच्या आधी प्रीमियम जागा झाला होता, आणि दोघांचा परिणाम तोच!

मुंबईच्या कोटात १८०३ च्या फेब्रुवारीत अशीच भयंकर आग लागली आणि दाटीवाटीच्या वस्तीचा मोठा भाग जळाला. मग राज्यकर्त्यांना सुचले की माणसांना जरा मोकळे राहू द्यावे, आणि शहर कोटाबाहेर वाढू लागले. १८५५ पासून आग विझवण्याचे काम पोलिसांकडे होते. म्हणजे चोर पकडता पकडता वाटेत आग दिसली तर तीही पकडायची. १ एप्रिल १८८७ रोजी ते काम मुंबई महापालिकेकडे आले. तारीख पाहून मला त्या लोकांबद्दल आपुलकी वाटली. ३१ मार्चला जुनी खाती बंद करून दुसऱ्या दिवशी नव्या आगी नव्या खात्यावर! तेव्हा बंबाला घोडे असत. १९०७ साली पहिला मोटारबंब आला आणि घोडे हळूहळू निवृत्त झाले.

पण नाशिकचे काय? नाशिकची नगरपालिका १८६४ ची, महानगरपालिका १९८२ ची. जुने नाशिक म्हणजे लाकडी वाड्यांचे गाव. सागवानी खांब, सागवानी तुळया, सागवानी जिने, आणि दोन वाड्यांच्या मध्ये इतकी अरुंद बोळ की समोरून गाय आली तर माणसाने विचारपूर्वक मागे जावे. अशा गावात दिवे तेलाचे, चुली लाकडाच्या आणि दिवाळीचे फटाके तर विचारूच नका. हे गाव अजून उभे आहे याचा अर्थ कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ते विझवत आले आहे. पण त्या कुणीतरीचे नाव कुठे दिसेना.

एकंदरीत आम्ही लोक आग लावणाऱ्यांचा इतिहास फार आवडीने जपतो. इथून जवळच अंजनेरी, मारुतीचे जन्मस्थान. त्याने लंका पेटवली ते शेंबड्या पोराला ठाऊक. शेपटी समुद्रात बुडवून विझवली हे अर्ध्यांना ठाऊक. पण त्या रात्री घागरी घेऊन धावलेल्या लंकेच्या बंबवाल्यांचे कोणी नाव घेईल तर शपथ! याच नाशकात दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला. त्यात अण्णा साळुंके रामही झाले आणि सीताही झाले. दोन नोकऱ्या आणि बहुधा एकच पगार, हे आम्हा बँकवाल्यांना नवीन नाही. त्या चित्रपटाचे आज काही तुकडेच उरले आहेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे, ती आगपेटीच्या स्वभावाची. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला. म्हणजे आग अशी गोष्ट आहे की ती स्वतःचा इतिहाससुद्धा खाते. तो जपायचा तर आग विझवण्याइतकीच घाई करावी लागते.

नाशिकच्या अग्निशमन दलाचे मुख्य केंद्र शिंगाडा तलावाला आहे. तलाव आता नावापुरता. पाणी काय ते बंबात. मी एके ठिकाणी, म्हणजे कचेरीचे नाव नको, जुन्या आगींच्या नोंदींची चौकशी केली. तिथला कारकून मायाळू होता. तो म्हणाला, "साहेब, मुदत संपली की निर्लेखन होतं. तुमच्याकडे नाही का होत?" मी गप्प बसलो. कारण मागच्याच वर्षी मी स्वतः आमच्या शाखेतल्या जुन्या व्हाउचरांचे एकवीस गठ्ठे बांधून, सही करून, रद्दीला घातले होते. त्यांत कुणाच्या पहिल्या पगाराची, कुणाच्या लग्नासाठी मोडलेल्या ठेवीची कागदे असतील. मला त्या दिवशी आनंद एवढाच झाला होता की कपाट रिकामे झाले आणि माझा डबा ठेवायला जागा झाली.

घरी येऊन मी ही व्यथा हिला सांगितली. ही म्हणाली, "गावभर काय हिंडताय? खालच्या मजल्यावर नाना नाहीत का?"

नवऱ्याला न सुचलेली गोष्ट बायकोला भाजी निवडता निवडता सुचते, याला शास्त्रात काय म्हणतात ठाऊक नाही. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर नाना राहतात. वय शहाऐंशी. नगरपालिकेत फायरमन म्हणून लागले आणि महानगरपालिकेतून निवृत्त झाले. बारा वर्षे मी त्यांना जिन्यात "काय नाना, बरं आहे ना?" असे विचारत होतो आणि उत्तर ऐकायच्या आत वर जात होतो.

"या मार्शल," नाना म्हणाले. बातमी पोचली होती. "ब्रँच कुठली तुमची?"

मी शाखेचे नाव सांगितले. नाना हसून हसून खोकायला लागले. "अहो, आमची ब्रँच म्हणजे होजच्या तोंडाचं पितळी नळकांडं. ती ज्याच्या हातात तो पुढे. बाकीचे मागे नळी धरून. पाण्याचा जोर असा असतो की एकट्यानं धरली तर माणसालाच नाचवते. तुमची ब्रँच नाचवते का?"

मी म्हटले, "मार्चअखेर नाचवते."

इथून आमचे जमले. मग तीन संध्याकाळी मी नानांकडे बसलो. आगीच्या बोलावण्याला 'वर्दी' म्हणतात, हे मला तिथे कळले. वर्दी आली की घंटा, घंटा झाली की हातातला घास ताटात. नाना म्हणाले, "तेहतीस वर्षांत मी पुरणपोळी कधी गरम खाल्ली नाही." आग विझली तरी काम संपत नाही, जळक्या गंजीत, कापसात, लाकडात आत धग राहते, म्हणून तासन्‌तास पाणी मारत बसायचे, त्याला कूलिंग म्हणतात. लोक ज्वाळा बघायला जमतात आणि कूलिंगच्या वेळी घरी जातात. "टाळ्या आगीला असतात," नाना म्हणाले, "विझवण्याला नसतात."

मग त्यांनी उशाखालून एक वही काढली. लाल पुठ्ठ्याची, खतावणीसारखी लांबट. माझे व्यावसायिक डोळे चमकले. रकाने आखलेले होते: तारीख, वर्दीची वेळ, ठिकाण, कारण. आणि शेवटचा रकाना, 'काय वाचलं'.

"सरकारी अहवालात वाचलेली मालमत्ता रुपयांत लिहितात," नाना म्हणाले. "ते बरोबरच आहे. पण रुपये मला आठवत नाहीत. म्हणून घरी येऊन हे लिहायचो."

मी वाचू लागलो. एका वाड्याच्या नोंदीपुढे: 'शिवणयंत्र एक, लग्नाचा शालू (अर्धा).' एका गोठ्यापुढे: 'म्हशी दोन. तिसरी स्वतःच पळाली, आपल्याकडे धरू नये.' १९६९ च्या महापुरापुढे लिहिले होते: 'दुतोंड्या मारुती बुडाला. म्हाताऱ्या दोन, पोपट एक, पिंजऱ्यासकट.' गोदावरीचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी कमरेला आले की बघायला जातात आणि गळ्याला आले की पळतात. सगळे पळत असताना त्या दिशेने जाणारे लोक कोण असतात, ते मला त्या नोंदीत दिसले.

मी आयुष्यभर जमा-नावे लिहीत आलो. पैसे गेले तर नोंद, आले तर नोंद. पण जे जाणार होते आणि गेले नाही, त्याची नोंद कुठल्या खात्याला करायची हे मला कुठल्याही परीक्षेत शिकवले नाही. जळालेल्या वाड्याचा फोटो पेपरात येतो. दहा मिनिटांत विझवलेल्या वाड्याचा काय फोटो काढणार? तो वाड्यासारखाच दिसणार! राजाने किल्ला बांधला की किल्ला उरतो. बंबवाल्याचे काम उत्तम झाले की काहीच झाले नाही असे दिसते. म्हणून संग्रहालयाची गरज राजांपेक्षा बंबवाल्यांना जास्त, असे माझे मत झाले. अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे, नाशिकरोडला लष्कराचे तोफांचे आहे, सिन्नरला गारगोट्यांचे आहे. आग लावणाऱ्या तोफेला छप्पर आहे, विझवणाऱ्या बंबाला मात्र मला सापडले नाही. पुण्यात एरंडवण्याच्या अग्निशमन केंद्रात जुन्या साधनांचे संग्रहालय केले आहे. म्हणजे याही बाबतीत पुणेकर आधी! हे दुःख मी इथे वाढवत नाही.

"तुम्हाला वडिलांचा टोप दाखवतो," चौथ्या संध्याकाळी नाना म्हणाले. त्यांचे वडील मुंबईच्या फायर ब्रिगेडमध्ये होते. इंग्रजी अमदानीतले ते पितळी शिरस्त्राण, वर कंगोरा, घासले की सोन्यासारखे. पितळेतून वीज जाते हा त्याचा दोष. घराघरांत विजेच्या तारा आल्यावर असले टोप मागे पडत गेले. नाना कॉटखाली वाकले. कॉटखाली बटाटे होते. टोप नव्हता.

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तो पितळी टोप ना? अहो, तो मी परवा मोडीत दिला. कल्हई नाही, झाकण नाही, बूड गोल, ओट्यावर बसेना. त्यावर थोडे पैसे घालून स्टीलचे डबे आणले."

सूनबाईंची चूक नव्हती. त्या घरात आलेल्या दिवसापासून त्या वस्तूला सगळे 'टोप'च म्हणत. त्यात बटाटे ठेवले जात. बटाटे ठेवायच्या टोपाला कुणी इतिहास कसा समजावा?

नाना काहीच बोलले नाहीत. ते कॉटवर बसले आणि वही बंद करून मांडीवर ठेवली. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मी बँकेत नऊ वर्षे छत्री अडकवली तेव्हा जे मार्शलपण जागे झाले नाही ते त्या क्षणी झाले. "चला वहिनी," मी म्हटले, "वर्दी आली."

रिक्षाने आम्ही भांडी बाजारात गेलो. दुकानदार तागडीमागे शांत बसला होता. मागे मोडीचा ढीग: फुटक्या घागरी, ठेपलेले हंडे, कान गेलेल्या कढया. माझा जीव खालीवर झाला. त्या ढिगात एक मोरीतला बंबही होता. आमचा असेल का, असे उगाच वाटून गेले.

"मोड परत नाही मिळत," दुकानदार म्हणाला.

मी नानांची हकिकत सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि गादीखालून, ढिगातून नव्हे, टोप काढला. बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली. बारीक नाद निघाला.

"हे काम आपल्याकडचं नाही, पण हात चांगला आहे," तो म्हणाला. "भट्टीत घालायला जिवावर आलं, म्हणून बाजूला ठेवलं होतं. काय ते समजेना. एक नवल बघा, एवढी जुनी वस्तू, पण पोचा एक नाही. कधी वापरलेली दिसत नाही." आणि त्याने मोडीचा दिला होता तेवढाच भाव परत घेतला.

टोप नानांच्या मांडीवर ठेवला आणि मी दुकानदाराचे कौतुकाचे बोल सांगितले: पोचा एक नाही. नाना बराच वेळ टोपावरून हात फिरवत राहिले.

"वापरला. पण त्या दिवशी नाही," ते म्हणाले. "माझ्या आत्याचं लग्न होतं निफाडला. वडील चार दिवसांची रजा काढून आले होते. मी पाच वर्षांचा. १४ एप्रिल १९४४. शुक्रवार."

भाषणासाठी मी ते सगळे वाचले होते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोट. पोटात कापसाच्या हजारो गाठी, सोन्याच्या विटा आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. दुपारी आग लक्षात आली. बंबवाल्यांनी बोटीत ९०० टनांवर पाणी ओतले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली. फायर ब्रिगेडची ६६. अग्निशमन सप्ताह चौदा एप्रिलला सुरू होतो तो त्यांच्यासाठी. हे मी कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते आणि सोन्याच्या विटा दूर दूर उडाल्या यावर एक विनोदही लिहून ठेवला होता.

"तार आली तेव्हा पंगत बसली होती," नाना म्हणाले. "वडील तसेच गेले. त्यांच्या पाळीतले बरेच जण नव्हतेच मग. पुढे त्यांनी नोकरी पुरी केली, आगी विझवल्या. पण हा टोप पुन्हा डोक्याला लावला नाही, दुसरा मागून घेतला. कुणी विचारलं, तुम्ही होतात का हो तेव्हा, तर उठून जायचे. रजेवर होतो, हे त्यांना आयुष्यभर सांगता आलं नाही. मी बंबवाला झालो ते का, तेही त्यांना कधी सांगितलं नाही."

सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होते.

पंधरा तारखेला मी बोललो. सोन्याच्या विटांचा विनोद गाळला. दहा मिनिटांची पंचवीस झाली, तरी कॅशियरने घड्याळ पाहिले नाही. नंतर नळकांडे भरून आणायला पाठवले आणि छत्रीसाठी मी वेगळा खिळा ठोकला.

आता दर रविवारी मी नानांची वही नक्कल करून काढतो. बँकेत संगणक आल्यापासून माझे अक्षर बेकार होते. त्याला काम मिळाले. अस्सल वही आणि टोप कुठल्यातरी कपाटात काचेआड जायला हवेत, यावर आमचे एकमत आहे. मी अर्ज लिहितो आहे. नाना म्हणतात, अर्ज करा, पण आधी टोपाखालची चिठ्ठी लिहा; वस्तू बोलत नाही, लोक त्यात बटाटे ठेवतात.

मी पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर मसुदा केला: 'मुंबई फायर ब्रिगेडमधील जवानाचा पितळी टोप. गोदी स्फोटाच्या काळातील.' नानांनी चष्मा लावून वाचला आणि पेन मागितले. खाली थरथरत्या अक्षरात त्यांनी भर घातली: 'धारक त्या दिवशी रजेवर होता.'

"वडिलांना चालेल?" मी विचारले.

"ऐंशी वर्षं झाली," नाना म्हणाले. "आता कूलिंग पुरं करू."

मग त्यांनी लाल वही ओढली आणि निवृत्तीनंतर कोऱ्या राहिलेल्या पानावर नवी वर्दी लिहिली. ठिकाण: भांडी बाजार. कारण: नावात साम्य. काय वाचलं: टोप एक.